चिऱ्याच्या घरात ओल वर येते. कोबा फोडून फरशी घालावी की वरूनच बसवावी?

माजघर_लांजा

नमस्कार मंडळी. लांजा तालुक्यातल्या घराबद्दल सल्ला हवा आहे. जमेल तेवढी माहिती एकदमच देतो.

घर जांभ्या चिऱ्याचं आहे, साधारण पन्नास वर्षांचं. भिंती मातीत बांधलेल्या, आतून नंतर सिमेंटचा गिलावा केलेला. पुढच्या बाजूला चौथरा दोन फूट उंच आहे. मागे डोंगरउतार असल्यामुळे तिथली जमीन घराच्या जमिनीपेक्षा जेमतेम चार इंच खाली आहे. माजघर १४ × १२ फूट, त्याच्या बाजूला स्वयंपाकघर १२ × १० फूट. दोन्हींची मागची भिंत एकच, उताराकडची. पुढे ओटी २० × १० फूट.

माजघर आणि स्वयंपाकघरात मूळची शेणाने सारवलेली जमीन होती. वीसेक वर्षांपूर्वी तिच्यावर दोन इंचांचा कोबा घातला गेला. ओटीवर शहाबादी आहे. जूनपासून सप्टेंबर संपेपर्यंत माजघरातला कोबा काळपट दिसतो. मागच्या भिंतीच्या कडेला पांढरी पूड सुटते आणि गिलावा दोन फुटांपर्यंत फुगतो. ओटी मात्र काही दिवस अख्खी ओली असते आणि मग आपोआप कोरडी होते.

गवंडी म्हणतो, कोब्याला टाचे मारून वरूनच व्हिट्रिफाइड बसवू, पाच-सहा दिवसांत काम होईल. टाइलच्या दुकानात एसपीसी (दगडाची भुकटी आणि प्लास्टिक मिळून केलेल्या फळ्या) सुचवलं, "पाणी लागलं तरी काही होत नाही" म्हणून. कोबा फोडायचा तर खर्च आणि पसारा दोन्ही वाढतील. तो खरंच फोडायला हवा का? फरशी कोणती घालावी? आणि काम कधी काढावं?

ओळंबा

फरशी कोणती हा दुसरा प्रश्न आहे. आधी पाणी कुठून येतंय ते ठरवा. तुम्ही दिलेल्या वर्णनात दोन वेगळ्या ओली दिसताहेत आणि दोघींचा इलाज एक नाही.

ओटीवर जे होतं तो फरशीला सुटलेला घाम आहे. चौथऱ्यातल्या भरावावर बसलेली फरशी हवेपेक्षा थंड राहते. पावसाच्या सुरुवातीला हवा २९ अंश आणि आर्द्रता ८८ टक्के असेल, तर दवबिंदू सुमारे २६.८ अंश येतो. फरशी २६ अंशांवर असली की हवेतलं पाणी तिच्यावर साचणारच. गार पाण्याने भरलेल्या तांब्याला बाहेरून पाणी सुटतं तसंच हे. त्यात फरशीचा दोष नाही आणि वॉटरप्रूफिंगने ते थांबतही नाही. आठ-पंधरा दिवसांत भराव तापतो आणि घाम कमी होतो.

माजघरातली ओल खालून किंवा मागच्या बाजूने येतेय. पांढरी पूड ही त्याची खूण. तो लोणा आहे, म्हणजे मातीतले आणि सिमेंटमधले क्षार. पाणी ते विरघळवून वर आणतं, पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. हवेतल्या पाण्यात क्षार नसतात, त्यामुळे नुसत्या घामाने पूड सुटत नाही.

खात्री हवी असेल तर पाऊस चालू असतानाच ही तपासणी करा. जाड पारदर्शक प्लास्टिकचे दीड फूट × दीड फूट तुकडे कापा. माजघरात मागच्या भिंतीपासून एक फुटावर एक, खोलीच्या मधोमध एक, ओटीवर एक. जागा आधी कापडाने कोरडी पुसा आणि चारही कडा रुंद चिकटपट्टीने पक्क्या बंद करा. किमान १६ तास ठेवायचं, पूर्ण दिवस ठेवलंत तर उत्तम. मग बघा: थेंब प्लास्टिकच्या खालच्या अंगाला असतील किंवा तिथला कोबा आजूबाजूपेक्षा काळा पडला असेल, तर ओल खालची. वरचं अंग ओलं आणि खाली कोरडं, तर घाम.

गवंड्याच्या म्हणण्याबद्दल एकच सांगतो. व्हिट्रिफाइड टाइल अर्धा टक्काही पाणी शोषत नाही, म्हणजे ती घट्ट झाकणच. आज कोब्यातून जे पाणी हवेत उडून जातंय त्याची वाट तुम्ही बंद करता, पण खालून येणारं पाणी तेवढंच राहतं. मग ते कडेला सरकून भिंतीत चढतं. दोन फुटांवरचा फुगवटा तीन-साडेतीन फुटांवर जातो आणि दोष टाइलला लागतो. सारवलेल्या जमिनीत ओल जाणवत नसे, कारण ती सगळ्या अंगाने सुकत असे.

चर_आणि_उतार

ओळंबा यांनी आतलं सांगितलं, मी बाहेरचं सांगतो, कारण तुमच्या घरात मोठा रोग मागच्या अंगणात आहे. मागची जमीन घरापेक्षा फक्त चार इंच खाली आणि वर डोंगर. म्हणजे उतरणारं पाणी सरळ भिंतीच्या पायात येतं. हे पाणी बाहेरच न वळवता आत काहीही घातलं तरी पैसे वाया जातील.

पहिलं काम म्हणजे चर. मागच्या भिंतीपासून चार फूट लांब, भिंतीला समांतर आणि दोन्ही टोकांना घराच्या पुढे निघेल इतका. भिंतीला खेटून खणू नका. जुन्या चिऱ्याच्या घराचा पाया उथळ असतो आणि पायाच्या तळाच्या खाली माती मोकळी झाली तर भिंत बसते. रुंदी दीड फूट. खोली इतकी की चराचा तळ घराच्या जमिनीच्या पातळीपासून दोन फूट तरी खाली जाईल, पण पायाच्या तळाच्या खाली नाही. त्यासाठी एका कोपऱ्यात पायाजवळ छोटा खड्डा घेऊन पाया किती खोल आहे ते आधी बघा.

तळाला १०० फुटांत एक फूट असा उतार. आत आधी जिओटेक्स्टाइल कापड पसरायचं, त्यावर तीन इंच खडी, मग चार इंची छिद्रांचा पीव्हीसी पाइप. छिद्रं खालच्या बाजूला. वरच्या बाजूला ठेवली तर पाइपाच्या उंचीइतकं पाणी चरात साचून मगच आत शिरतं. पाइपावर ४० मिमीची धुतलेली खडी भरायची, कापड वरून दुमडून घ्यायचं आणि सर्वात वर सहा इंच माती. कापड गाळलं तर जांभ्याची लाल माती खडीत शिरते आणि दोन-तीन पावसाळ्यांत चर बंद पडतो. हीच चूक सगळ्यात जास्त होते.

छपराच्या पागोळ्यांचं पाणी या पाइपात सोडू नका. त्याला पन्हळ आणि स्वतंत्र उघडं गटार द्या. एका तासात एक इंच पाऊस पडला तर १००० चौरस फूट छपरावरून जवळपास २३६० लिटर पाणी खाली येतं. तेवढं चरात गेलं तर चरच भिंतीला पाणी पाजेल.

भिंत आणि चर यांच्यामधल्या पट्ट्यात माती उकरून पातळी जितकी खाली नेता येईल तितकी न्या, निदान घराच्या जमिनीपेक्षा १२ इंच खाली. त्यावर तीन फूट रुंदीचा कोबा, बाहेरच्या बाजूला एक ते दीड इंच उतार. भिंत आणि हा कोबा यांच्या सांध्यात अर्धा इंच फट ठेवून ती लवचीक सीलंटने भरा. सिमेंटने भरली तर पहिल्याच उन्हाळ्यात चीर जाते. आणि मागच्या भिंतीला टेकून लाकडं, कवळं, शेणाची रास ठेवण्याची सवय घरात असेल तर ती मोडावी लागेल.

माजघर_लांजा

दोघांचेही आभार. तपासणी केली, २४ तास ठेवून. मागच्या भिंतीजवळच्या प्लास्टिकखाली भरपूर थेंब आणि कोबा काळाकुट्ट. खोलीच्या मधोमध खाली थोडे थेंब. ओटीवर खाली कोरडं, वरून ओलं. स्वयंपाकघरातही मागच्या भिंतीजवळ तीच गत.

चराचं काम दिवाळीनंतर लगेच काढतो. म्हणजे माजघर आणि स्वयंपाकघराचा कोबा फोडायचा हे ठरलं असं समजू का? तसं असेल तर थर कुठले, किती जाडीचे आणि सामान किती लागेल हे कुणी नीट सांगाल का? गवंड्याला कागदावर लिहून द्यायचं आहे.

ओळंबा

हो, त्या दोन खोल्यांचा फोडा. ओटीची फरशी फोडू नका, तिच्याबद्दल खाली 'चुनखडी' हे सदस्य लिहितीलच. दोन्ही खोल्यांचं मिळून क्षेत्रफळ १६८ + १२० = २८८ चौरस फूट. त्यावरून हिशोब देतो.

कोबा आणि खालची माती धरून आजच्या पातळीपासून १२ इंच खाली जायचं, म्हणजे तयार फरशी आजच्याच पातळीला येईल. एका वेळी अर्धीच खोली खणा आणि भिंतीलगतचा एक फूट सगळ्यात शेवटी हलक्या हाताने काढा. जागेवर जवळपास तीन ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) माती निघेल. मोकळी झाल्यावर ती पावणेचार-चार ब्रास भरते, ती टाकायची कुठे हे आधी ठरवा. तळ पाणी मारून धुम्मसने चोपायचा. याच टप्प्याला वाळवीचं औषध. बांधकामाच्या मानकात सपाट जागेला चौरस मीटरमागे ५ लिटर द्रावण धरलेलं आहे. तुमच्या २६.८ चौरस मीटरना १३४ लिटर लागेल. औषध पाण्यात किती घालायचं ते डब्यावर लिहिलेलं असतं, त्यापेक्षा पातळ करू देऊ नका. विहीर जवळ असेल तर औषध मारणाऱ्याला आधी सांगा.

चोपलेल्या तळावर सहा इंच ४० मिमीची स्वच्छ खडी. इथे मुरूम घालायचा मोह होतो, कारण तो स्वस्त आणि हाताशी असतो. घालू नका. बारीक कणांमधल्या फटी अरुंद असतात आणि त्यांतून केशाकर्षणाने पाणी दिव्याच्या वातीतल्या तेलासारखं वर चढतं. मोठ्या खडीतल्या फटी इतक्या रुंद असतात की तिथे ते तुटतं. हा थर पाणी अडवण्यासाठी आहे, नुसता भराव नव्हे. चोपून बसते ते धरून पावणेदोन ब्रास खडी लागेल. तिच्यावर एक इंच वाळू, पाव ब्रास, म्हणजे खडीची टोकं वरच्या प्लास्टिकला टोचणार नाहीत.

मग पॉलिथिन, २५० मायक्रॉन. हे किलोवर मिळतं आणि इथेच सर्वात जास्त फसगत होते. २५० मायक्रॉनचं प्लास्टिक चौरस मीटरला सुमारे २३० ग्रॅम भरतं. दुकानात एक मीटर × एक मीटर मोजून वजन करायला लावा. १५० ग्रॅमच्या आसपास भरलं तर ते १६० मायक्रॉनचं आहे, मग गुंडाळीवर काहीही छापलेलं असो. जोड आणि कडा धरून ३७ चौरस मीटर, म्हणजे साडेआठ-नऊ किलो घ्या. दोन पट्टे जोडताना एक फूट चढ आणि वरून रुंद टेप. चारही भिंतींना कडा किमान सहा इंच वर घ्यायची, कोपऱ्यात कापायची नाही तर पाकिटासारखी घडी घालायची. ती कडा फरशी पूर्ण होईपर्यंत उभीच राहू द्या. गवंडी ती काँक्रीटच्या पातळीला आधीच कापतात आणि मग काँक्रीटची कड भिंतीला चिकटून ओल पुन्हा आत येते. प्लास्टिकवर अनवाणीच चाला, घमेली ओढू नका आणि काँक्रीट टाकण्याआधी संपूर्ण पसरलेलं एकदा स्वतः बघून घ्या. एक भोक पुरेसं असतं.

त्यावर चार इंच काँक्रीट, १:२:४. सामान: सिमेंट १७ गोण्या, वाळू ४२ घनफूट, २० मिमी खडी ८५ घनफूट. वरचं अंग पट्टी मारून आणि लाकडी रंध्याने खरखरीत सपाट करायचं. दोन मीटरच्या पट्टीखाली ३ मिमीपेक्षा जास्त फट नको, कारण टाइल सरळ याच्यावर चिकटवायची आहे. दहा दिवस पाणी, मग निदान चार आठवडे उघडं ठेवायचं. खाली प्लास्टिक असल्यामुळे काँक्रीटमधलं पाणी फक्त वरूनच उडणार, म्हणून घाई करायची नाही. नोव्हेंबरच्या शेवटी काँक्रीट टाकलंत तर जानेवारीत टाइल लागेल आणि पुढचा पाऊस यायच्या आत सगळं पूर्ण वाळलेलं असेल. पावसाळ्यात हे काम काढूच नये.

फटीची_पट्टी

टाइलचं मी सांगतो.

मॅट फिनिशची ग्लेझ्ड व्हिट्रिफाइड, ६०० × ६०० मिमी, ९ मिमी जाडीच्या आसपासची घ्या. खोक्यावर पाणी शोषण्याचं प्रमाण छापलेलं असतं, ते ०.५ टक्क्यापेक्षा कमी हवं. साध्या सिरॅमिकला ते ३ ते ६ टक्के असतं आणि भिंतीच्या टाइलला १० टक्क्यांच्याही वर. दिसायला सारखी म्हणून भिंतीची टाइल जमिनीला लावू नये. आरशासारखी चकचकीत टाइल जूनमध्ये घाम धरते आणि माणूस घसरतो. स्वयंपाकघराला घसरणीची श्रेणी आर १० तरी असावी. दुकानात दोन टाइल तोंडाला तोंड लावून उभ्या धरा. मधे प्रकाश दिसला तर टाइल वाकडी आहे, तो लॉट सोडा. ४ × २ फुटी घेऊ नका, मोठ्या टाइलमध्ये वाकडेपणा जास्त जाणवतो आणि खाली पोकळ राहण्याची शक्यताही जास्त.

संख्या नुसती क्षेत्रफळावरून काढली की फसते. ६०० मिमी म्हणजे पूर्ण दोन फूट नव्हे, दोन फूट ६०९.६ मिमी होतात. तुमच्या माजघराची १४ फुटांची बाजू ४२६७ मिमी. ३ मिमी फटी धरून सात टाइल ४२१८ मिमी भरतात. उरले ४९, म्हणजे दोन्ही कडांना २४-२५ मिमी. भिंत ओळंब्यात असती तर स्कर्टिंगखाली लपले असते, पण चिऱ्याची जुनी भिंत एका टोकाला १० तर दुसऱ्या टोकाला ४० दाखवते. तिथे मग दोन बोटांची चिंचोळी पट्टी बसवतात आणि ती सुटतेच. त्यापेक्षा मधे सहा पूर्ण टाइल आणि दोन्ही कडांना सुमारे ३१३ मिमीचा तुकडा घ्या. १२ फुटांच्या बाजूला सहा पूर्ण बसतात. म्हणजे माजघराला ८ × ६ = ४८, स्वयंपाकघराला ६ × ५ = ३०. एकूण ७८, फुटतूट आणि पुढच्या दुरुस्तीसाठी धरून ८४. चार टाइलचं खोकं असेल तर २१ खोकी. सगळ्या खोक्यांवर बॅच आणि शेड नंबर एकच आहे ना ते घेतानाच बघा.

चिकटवायला सिमेंटचा जाड माल नको. आयएस १५४७७ या भारतीय मानकाप्रमाणे टाइप २ किंवा वरचा अ‍ॅडेसिव्ह घ्या. २० किलोच्या गोणीत साधारण ४० चौरस फूट होतं, म्हणजे ८ गोण्या. पाणी गोणीवर लिहिलंय तेवढंच मोजून, पाच मिनिटं थांबून पुन्हा ढवळायचं. १० मिमी दातांच्या थापीने एकाच दिशेला सरळ ओळी ओढायच्या. वळणदार ओळींत हवा अडकते. टाइलच्या पाठीलाही पातळ हात फिरवायचा. एका वेळी दहा-बारा चौरस फुटांपेक्षा जास्त पसरू नका. बोट लावल्यावर माल बोटाला लागला नाही तर तो खरवडून टाकायचा, वर पाणी शिंपडून चालवायचा नाही.

दर दहावी टाइल लगेच उचलून पाठ बघा. ओल्या जागेत ९५ टक्के पाठ मालाने भरलेली हवी. चार कोपऱ्यांना आणि मधे असे पाच गोळे ठेवून टाइल दाबायची पद्धत तुमच्या भागात सर्रास चालते. त्यात गोळ्यांच्या मधे पोकळी राहते, तिथे पाणी साचतं आणि वर जड वस्तू पडली की नेमकी तिथेच टाइल तडकते. काम झाल्यावर लाकडी दांड्याने ठोकून बघा: भरलेली टाइल टणक वाजते, पोकळ असेल तर भदभद वाजते.

भिंतीलगत चारही बाजूंना १० मिमी मोकळं. त्यात सिमेंट, माल, काही पडता कामा नये. टाइल कडेला घट्ट अडवली आणि मधे बिनफटीची बसवली की ओलीने आणि उष्णतेने फुगायला जागा राहत नाही. मग एखाद्या दुपारी दोन टाइल आवाज करून तंबूसारख्या उभ्या राहतात. मधल्या फटी ३ मिमी, स्पेसर लावूनच.

ग्राऊट, म्हणजे फटी भरायचा माल, इपॉक्सीचं घ्या, विशेषतः स्वयंपाकघरात. सिमेंटचं ग्राऊट पाणी पितं आणि दुसऱ्या पावसाळ्यात काळं पडतं. तुमच्या मापांना हिशोबाने चारेक किलो लागतं, पाच घ्या. एका वेळी किलोभरच कालवा, आपल्या उष्णतेत अर्ध्या तासात ते घट्ट होतं. जसजसं भराल तसतसं ओल्या स्पंजने लगेच पुसून घ्या. टाइलवर चढलेला पातळ थर दुसऱ्या दिवशी दगडासारखा होतो आणि मॅट टाइलवरून मग निघत नाही.

एसपीसीबद्दल थोडक्यात. दुकानदार म्हणतो ते फळीपुरतं खरं आहे, पाण्याने फळी कुजत नाही. पण फळ्यांखाली ओल अडकते, बुरशी धरते आणि सांध्यांतून कुबट वास येतो. आज तुमची जमीन आहे तशी असताना अजिबात नको. लॅमिनेट तर कोकणात तळमजल्यावर कधीच नको, आतला लगदा एका पावसात कडांना फुगतो.

चुनखडी

वरचं सगळं पटतं, पण एक गोष्ट सुटतेय. खोलीभर प्लास्टिक घातलंत, तरी मागच्या भिंतीखाली काहीच नाही. जुन्या घराला चौथऱ्यावर ओल अडवणारा थर नसतो. जमिनीची वाट बंद झाल्यावर उरलेली ओल भिंतीतून वर जाणार. चरामुळे ती बरीच कमी होईल, शून्य होणार नाही. म्हणून भिंतीला सुकायची सोय ठेवा.

मागच्या भिंतीचा आतला सिमेंट गिलावा जिथपर्यंत फुगलाय त्याच्या एक फूट वरपर्यंत, म्हणजे साधारण तीन फूट, पूर्ण काढा. चिऱ्यावरचा लोणा कोरड्या ब्रशने झाडा आणि पूड गोळा करून बाहेर टाका. पाण्याने धुऊ नका, धुतल्यावर क्षार परत चिऱ्यात शिरतात. दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधले सांधे, चुन्याने भरून भिंत निदान दीड-दोन महिने उघडी ठेवा. मग चुना आणि वाळू १:३, दोन पातळ हातांत. त्यावर रंगही चुन्याचाच. ऑइलपेंट किंवा प्लास्टिक पेंट लावलात की केलेलं फुकट. या गिलाव्यावर पुढेही थोडा लोणा येईल, गिलावा भुसभुशीत होईल, पाच-सात वर्षांनी तो बदलावा लागेल. तो तेवढ्यासाठीच असतो. गिलावा झिजतो आणि चिरा टिकतो.

भिंतीत भोकं पाडून रसायन भरण्याचा उपाय कुणी ना कुणी सुचवेलच. पक्क्या चुन्या-सिमेंटच्या दर्जांत तो चालतो, मातीच्या दर्जांत रसायन सारखं पसरत नाही. तुमच्या भिंतीला मी तो सुचवणार नाही.

त्या एका भिंतीला टाइलचं स्कर्टिंगही लावू नका. फरशीची १० मिमी कड लवचीक सीलंटने बंद करा, चुन्याचा गिलावा फरशीच्या अर्धा इंच वर थांबवा. बाकीच्या तीन भिंतींना चार इंचांचं स्कर्टिंग चालेल, फक्त ते फरशीवर टेकू नये, मधे ४-५ मिमी फट ठेवून तीही सीलंटनेच भरावी.

आता ओटी. तिथली शहाबादी काढू नका. घाम तर तिथे कुठल्याही फरशीवर येणार, आणि चकचकीत टाइल घातलीत तर आज फक्त ओलं दिसतंय ते उद्या घसरडं होईल. ज्या फरशा हलतात तेवढ्याच उचलून १:५ मालात पुन्हा बसवा, दर्जा खरवडून नव्याने भरा. पॉलिश करून घेऊ नका, खरखरीतच राहू द्या. बदलायचीच असेल तर कोटा घ्या, पण नदी किंवा लेदर फिनिशचा, मिरर पॉलिश नव्हे.

शहाबादी, कोटा, तांडूर, कडप्पा हे चारही चुनखडीच्या जातीचे दगड आहेत, आम्ल त्यांना खातं. लिंबू, चिंच, आमसुलांचं आगळ सांडलं की पांढरा डाग पडतो आणि तो पुसून जात नाही, कारण तो डाग नसून दगडाचं वरचं अंगच विरघळलेलं असतं. ओटीवर आमसुलं वाळत घालत असाल तर खाली कापड हवंच. संडास धुण्याचं अ‍ॅसिड फरशीला कधीही लावू नका, साबणाचं पाणी पुरे.

माजघर_लांजा

अगदी हवं तेवढं मिळालं. शेवटचे दोन प्रश्न. माजघर आणि स्वयंपाकघराच्या मधे लाकडी उंबरा आहे, फरशीच्या वर दोन इंच, पण त्याचा खालचा भाग जमिनीत पुरलेला आहे. तो काढू की ठेवू? आणि घरात माणसं राहणार असल्याने आधी एक खोली पूर्ण करून मग दुसरी खणायची आहे. प्लास्टिकचा जोड कसा घ्यायचा?

ओळंबा

उंबरा काढा. ओल्या मातीत पुरलेलं लाकूड ही वाळवीची वाट आहे. काढल्यावर त्याची खालची बाजू सुरीच्या टोकाने टोचून बघा. टोक सहज आत गेलं तर तेवढा भाग कापून टाका. लाकूड चांगलं असेल तर काम संपल्यावर तोच परत बसवता येईल, पण फरशीच्या वर आणि खाली सीलंटची पट्टी देऊन, जमिनीत पुरून नव्हे. चौकटीचे पाय जमिनीत गेलेले असतील तर तेही तपासा. गरज असल्यास खालून सहा इंच कापून तिथे दगडाचा तुकडा बसवा.

जोडाचं असं: आधी स्वयंपाकघर घ्या, ते लहान आहे आणि गवंड्याचा हात तिथे बसेल. दाराच्या जागी खणताना भिंतीच्या जाडीच्या पलीकडे, माजघरात दीड फूट आत जा. प्लास्टिकचा दोन फूट जादा पट्टा तिकडे सोडा. त्याला चिखल लागू नये म्हणून त्याची गुंडाळी करून वर पोत्याची घडी आणि फळी ठेवा. स्वयंपाकघराचं काँक्रीट दाराच्या मध्यावर फळी लावून सरळ कडेत थांबवा. माजघराची पाळी आली की गुंडाळी उलगडा, ओल्या कापडाने पुसून कोरडी करा आणि माजघराचं प्लास्टिक तिच्यावर एक फूट चढवून दोन्ही अंगांनी टेप मारा. धुळीवर टेप चिकटत नाही, म्हणून पुसणं गाळू नका.

काँक्रीटचा जो सांधा दारात येईल, नेमका त्याच्यावर टाइलमध्येही ५ मिमीची फट ठेवा आणि ती ग्राऊटने नव्हे, सीलंटने भरा. दोन खोल्यांचं काँक्रीट वेगवेगळ्या वेळी वाळणार, तिथे हालचाल होणारच. उंबरा वर बसला की ती फट दिसणारही नाही.